लिंकवाली

उंबरमाळच्या बायका तिला तोंडावर दर्शना म्हणायच्या आणि पाठ वळली की लिंकवाली. नाव कुणी ठेवलं ते शोधायला लांब जायला नको होतं, ते तिच्याच घरातून निघालं होतं. तिच्या सासूबाई, बनुबाई, एकदा विहिरीवर बोलून गेल्या, "आमची लिंकवाली बसलीय वर. दूध उतू गेलं तरी उतरायची नाय." बायका हसल्या आणि ते नाव घागरीबरोबर घरोघर गेलं.

दर्शनाला हे माहीत होतं. तिने कधी हटकलं नाही. अख्खी वाडी म्हणजे नवऱ्याची भावकी. एकीशी भांडावं तर सगळ्यांशी भांडावं लागणार, आणि तेवढी सवड तिला नव्हती.

पोलादपूर सोडून रस्ता घाटाकडे निघाला की डावीकडे एक फाटा फुटतो, त्याच्या टोकाला उंबरमाळ. निम्मी घरं कुलपात, माणसं मुंबईत. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं, सुना आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे थोडे बाप्ये. दर्शनाचा नवरा सयाजी त्यांतलाच. एका औषधाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पिंपं हलवायचा आणि मोटरसायकलवरून परत यायचा तो अंगाला कारखान्याचा वास घेऊनच.

वाडीत फोनला रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, सहाणेवर. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा, शिमग्यात पालखी उतरवायची जागा. शिमग्याचे चार दिवस तिथे देव बसायचा. बाकीचं वर्ष दर्शना बसायची.

ती मूळची महाडजवळच्या नाते गावची. महाडला कॉलेज केलं आणि लग्नाआधी तिथल्याच एका भांड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. कुठल्या कुकरची शिटी वर्षात बसते, कुठल्या मिक्सरचं पातं खोबऱ्याला घाबरतं, हे तिने गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून शिकून घेतलं. लग्न होऊन वर आली तेव्हा ती विद्या वाया गेली असं सगळ्यांना वाटलं. पण उंबरमाळच्या विजेत एक गुण होता. दाब इतका कमी की दिवेलागणीला बल्ब नुसता निखाऱ्यासारखा दिसायचा. या विजेवर जो मिक्सर फिरेल तो कुठेही फिरेल, हे दर्शनाने ताडलं. तिने फोन फळीवर टेकवून ठेवला, मिक्सरात ओलं खोबरं आणि सुकी मिरची घातली आणि पहिला व्हिडिओ केला. मिक्सर घरघरला आणि बंद पडला. "हा घेऊ नका," दर्शना कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "पैसे पाण्यात जातील."

तेच लोकांना आवडलं. मग कुकर झाले, पावसाळ्याआधी आगोटीच्या सामानात ताडपत्र्या झाल्या, डोक्याला बांधायच्या विजेऱ्या झाल्या. जी वस्तू टिके तिची लिंक ती व्हिडिओखाली द्यायची. कल्याणच्या नाहीतर नाशिकच्या कुणा बाईने त्या लिंकवर बोट ठेवून ती वस्तू विकत घेतली की विकणारी कंपनी स्वतःच्या पैशातून थोडं कमिशन दर्शनाच्या खात्यात टाकायची. घेणारीला वस्तू त्याच किमतीत. काम एवढंच. सयाजीचा ठेकेदार पाळ्या कमी करी तेव्हा घर याच खात्यावर चालायचं. बनुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यातूनच झालं. बनुबाई मात्र विचारणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या सयाजीनं केलं."

वाडीला सामान हवं झालं की वाडी दर्शनाकडे यायची. कुणाकडे बटणाचा फोन, कुणाकडे मोठा फोन होता पण धीर नव्हता. "गो दर्शना, तेवढी छत्री मागव." "गुडघ्याचा पट्टा मागव, माझ्या मापाचा." दर्शना आपल्या फोनवरून, आपल्याच लिंकवर ऑर्डर टाकायची. सामान वर येत नसे. ते तिच्या नावाने पोलादपूरच्या स्टँडजवळ उतरायचं आणि ती ते पिशव्यांत भरून सहा आसनी रिक्षाने वर आणायची. रंग वेगळा आला तर शिव्या तिला, उशीर झाला तर टोमणे तिला. या खरेदीवर आपल्याला चार पैसे सुटत असतील, असं समजून ती सोसत होती. कमिशनचं मात्र ती कुणाला बोलली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण विचारणार नाहीत याची काळजी तीही घेत होती.

मग एका दुपारी सहाणेवर बसलेली असताना कंपनीचा मेल आला. इंग्रजीत, थंडगार. तुमच्याच फोनवरून, तुमच्याच लिंकवर, तुमच्याच नावाने सतत खरेदी होत आहे. स्वतःच्या खरेदीवर कमिशन देय नाही. हे पुन्हा आढळल्यास खातं कायमचं बंद होईल आणि जमा रक्कम मिळणार नाही.

दर्शनाने मागचं सगळं उघडून पाहिलं. वाडीच्या एकेका वस्तूपुढे 'अपात्र' लिहिलेलं होतं. पहिल्या छत्रीपासून. वाडीच्या हमालीचा एक पैसाही तिला कधी मिळाला नव्हता, जे आलं होतं ते सगळं परक्या बायकांनी घेतलेल्या वस्तूंचं. कंपनीचं तरी काय चुकलं? एका बाईच्या घरात इतके कुकर, इतके चष्मे, इतके गुडघ्याचे पट्टे. त्या मशिनला काय ठाऊक, की एका फोनमागे सगळी वाडी उभी आहे.

दर्शना तशीच बसून राहिली. राग आधी स्वतःचा आला, मग वाडीचा. त्यांच्या पिशव्या वाहून खांदे तुटले होते आणि आता त्यांच्याचपायी हातचं खातं जायची वेळ आली होती.

पहिली गाठ सुंदराबाईंशी पडली. सुंदराबाई म्हणजे शेजारच्या काकी, वाडीचं वर्तमानपत्र.

"गो दर्शना, माझी लेक येत्ये बाळंतपणाला. तो झुलणारा पाळणा मागव बघू, जाळीचा."

"काकी, माझ्या फोनवरून आता नाही व्हायचं. मुंबईहून कुणाकडून तरी मागवून घ्या. कुठला घ्यायचा ते मी सांगते."

"का? तुझ्या फोनला काय धाड भरली?"

"कंपनीने बंद करायला सांगितलंय. सगळ्या वाडीचं सामान माझ्या एकटीच्या नावावर येतं ना, त्यांना वाटतं सगळं मीच घेते."

सुंदराबाई हसल्या. "एवढं घ्यायला तुझ्या नवऱ्याची मिळकत तरी हाय का?"

दर्शनाने ओठ आवळले. "खरंच सांगते काकी. पुन्हा ऑर्डर टाकली तर माझं खातं बंद होईल."

"नको टाकूस गो बाय. नात्याच्या शिकलेल्या लेकीला आता आमचा कंटाळा आला म्हण की. सरळ बोल, कंपनीवर कशाला ढकलतेस?"

वाडीत बातमी फिरली ती अशी, की दर्शना मोठी झाली.

सुंदराबाईंनी मुंबईला पुतण्याला फोन लावला. पुतण्या म्हणजे महिपत, वाडीच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. गावात देवळाचा पत्रा कधी बदलायचा इथपासून कुणाच्या लग्नात कुणी पंगत वाढायची इथपर्यंत त्याचा शब्द चाले. काकीने पाळण्याबरोबर दर्शनाची तक्रारही सांगितली. महिपतने कामाच्या ठिकाणी एका तरुणाकडून पाळणा मागवून घेतला आणि बोलता बोलता त्या तरुणाने त्याला लिंकची सगळी गंमत समजावली. कमिशन कसं मिळतं, किती मिळतं. वर दर्शनाचे व्हिडिओ काढून दाखवले. "काका, तुमच्या गावची आहे? खूप बघतात हिला लोक."

महिपतला एवढं पुरे होतं.

शिमग्याला तो आला तो मंडळाचं नाव पाठीवर छापलेला पांढरा टी-शर्ट घालून. होळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. रिवाज असा, की पालखी घरोघर निघायच्या आधी गावकीपुढे जो प्रश्न असेल तो सोडवायचा. बाप्ये सहाणेच्या पायऱ्यांवर बसले, बायका देवळाच्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. सयाजी एका कडेला उकिडवा. तो पालखीच्या पुढच्या दांड्याचा भोई होता. त्याच्या वडिलांचा खांदा तिथेच असायचा.

"सूनबाई, पुढं ये," महिपत म्हणाला. "एक सिंपल सवाल. तुला कंपनी पैसे देते का नाय?"

"देते, काका."

भिंतीपाशी कुजबुज झाली.

"कशाचे?"

"मी वस्तू दाखवते. लोक माझ्या लिंकवरून घेतात. त्याचे."

"लोक म्हणजे कोण? आमच्याच आयाबहिणी ना? या म्हाताऱ्यांना छत्र्या इकल्यास, पट्टे इकलेस आन् पाठीमागून कमिशन खाल्लंस. मुंबईत याला दलाल म्हणतात. इथं काय म्हणायचं ते तूच सांग."

"मी कुणाला काही विकलं नाही. तुम्ही मागितलं ते मागवून दिलं."

"फुकट?"

"फुकटच!" दर्शनाचा आवाज चढला. "कंपनी स्वतःच्या फोनवरून घेतलेल्या वस्तूवर काही देत नाही. तुमच्या सगळ्या ऑर्डरी त्यांनी बाद धरल्या. मलाही आत्ता कळलं. मला मिळतं ते बाहेरच्या बायकांचं. तुमच्या सामानाने मला कटकटीशिवाय काही दिलेलं नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते गेलं नसतं तर बरं, असं तिला त्याच क्षणी वाटलं. पण गेलं ते गेलं.

मग सुंदराबाई पदर खोचत पुढे आल्या.

"म्हंजे नाशिकच्या बाईनं कुकर घेतला तर कंपनी पैसे देते आन् मी घेतला तर नाय?"

"हो, काकी. कारण तुमचा माझ्या फोनवरून..."

"म्हंजे आमची किंमत शून्य!"

"तसं नाही हो..."

"तसंच हाय! आमी कटकट! ऐका रे, आपण कटकट!"

मघाशी चोरी केली म्हणून चिडलेली वाडी आता आपल्याला चोरीच्याही लायकीचं धरलं नाही म्हणून पेटली. जो तो बोलू लागला. कुणाला आपल्या चष्म्याची काडी आठवली, कुणाला पावसात फाटलेली ताडपत्री. ती दर्शनाने 'घेऊ नका' म्हटलेलीच होती, पण ते कोण ऐकतंय. "कंपनीचं नाव करून लुटतेय." "रोज देवाच्या जागेवर पाय पसरून बसायचं आन् आमालाच बोलायचं." एका म्हाताऱ्याने काठी आपटली, "सहाण काय हिच्या बापानं बांधली?"

महिपतने हात वर केला. त्याला हेच हवं होतं, त्यामुळे तो अगदी शांत होता.

"हे बघ सूनबाई. आम्ही काय दुष्मन नाय तुझे. दोन गोष्टी कर. एक, गावच्या ऑर्डरी पहिल्यासारख्या चालू ठेव, म्हाताऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडू नको. दोन, जी कमाई होईल तिच्यातली अर्धी देवळाच्या फंडात. जागा गावची हाय, रेंजपण गावचीच."

"रेंज टॉवरची आहे, काका."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. महिपतचा चेहरा आक्रसला.

"तोंड चांगलं चालतं."

"मी तेच सांगते आहे," दर्शना म्हणाली. "पुन्हा गावच्या ऑर्डरी माझ्या फोनवरून टाकल्या तर खातं बंद. कायमचं. खातंच नसेल तर अर्धे कशातले देऊ?"

"ते तुझं तू बघ."

"ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना मी शिकवते. एका दिवसात येईल. ज्यांच्याकडे नाही त्यांचं सामान त्यांची मुलं मुंबईहून मागवतील, मी खालून वर आणून देईन. आणायलासुद्धा नाही म्हणत नाही मी."

"आता आमी या वयात शाळेत जायाचं?" सुंदराबाई म्हणाल्या.

"सयाजी," महिपतने मोहरा वळवला. "तू काय म्हणतोस?"

सयाजीने मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्याने मातीत काहीतरी कोरत राहिला. वाडी वाट बघत होती आणि दर्शनाही. तिला वाटलं, एक शब्द पुरे. "खरं बोलतेय ती" एवढा.

"मी काय बोलू," सयाजी म्हणाला. "गाव ठरवेल ते."

महिपतने ठरवून टाकलं. दर्शनाने मान्य करेपर्यंत तिने सहाणेवर पाय ठेवायचा नाही, आणि यंदा पालखी सयाजीच्या दारात थांबणार नाही.

"वाळीत टाकताय?" दर्शना म्हणाली. "त्याला कायदा आहे, काका."

"कोण टाकतंय वाळीत? कुणी तुझं पाणी तोडलं? रस्ता अडवला?" महिपत हसला. हे त्याने मुंबईहूनच घोकून आणलं होतं. "पालखी कुणाच्या दारी न्यायची ते गाव बघतं. त्याला कायदा नाय."

घरी आल्यावर बनुबाईंनी चूल पेटवली नाही. उंबऱ्यात बसल्या आणि जिभेचा पट्टा सोडला. सून शिकलेली आणली तीच चूक झाली, नात्याच्या माणसांना घमेंडच फार, माझा नवरा जिवंत असता तर, वगैरे सगळं बोलून झालं. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आल्ये तवापास्नं एक शिमगा चुकला नाय. माझं एक पोर गेलं त्या वर्षी सुदीक देव दारात आला व्हता. तुझ्या फोनपायी आता माझा देव दारावरनं जायाचा."

"हो म्हणायचं होतंस," सयाजी म्हणाला. "म्हणायला काय जातं? नंतर बघितलं असतं."

"म्हणायला माझं खातं जातं."

"खातं, खातं! त्या खात्याशीच लग्न लाव मग!"

"लावलंच आहे. तुमचा ठेकेदार घरी बसवतो तेव्हा तेच घर चालवतं." बनुबाई ऐकत होत्या, म्हणून ती थांबली नाही. उलट त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आई, तुमचा डोळासुद्धा त्यानेच केला. तुम्ही नाव कुणाचंही सांगा."

सयाजीने हातातलं भांडं भिंतीवर फेकलं. ते दर्शनाच्या अंगावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. बनुबाई लेकावर ओरडल्या, "तिला मारायचं नाय!" आणि लगेच सुनेकडे बघून, "आन् तू माझा डोळा काढू नकोस."

त्यानंतर घरात तिघं तीन दिशांना तोंडं करून वावरली.

तरी दर्शनाने एकदा मागचं-पुढचं चाचपून पाहिलं. हो म्हणावं, चार ऑर्डरी टाकाव्यात, कंपनीच्या लक्षात यायचं नाही कदाचित. पण कंपनीचं डोकं माणसाचं नव्हतं. त्याला कंटाळा येत नाही, दया येत नाही, पुन्हा एकदा बघू असं वाटत नाही. माणसांना समजावता येतं, असं तिला आजवर वाटायचं. सहाणेवरून उतरताना तेही वाटेनासं झालं होतं. दोन्हीकडे भिंतीच, मग निदान जिच्या पलीकडे आपलं पोट आहे ती तरी सांभाळावी. तिने ठरवलं ते असं, मनात कुठलाही गोडवा न ठेवता.

पालखी घरोघर निघाली त्या दिवशी बनुबाईंनी पहाटेच अंगण सारवलं. पालखी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी सारवलं, रांगोळी घातली. ताटात नारळ, तांदूळ, खण आणि हळदकुंकू अशी ओटी मांडून उंबऱ्यात बसल्या. दर्शना आत, खिडकीशी. बोलावलं नव्हतं म्हणून बाहेर गेली नाही, आणि बघितल्याशिवाय राहवेना म्हणून तिथून हलली नाही.

ढोल जवळ आला. सनई आली. शेजारी सुंदराबाईंच्या अंगणात पालखी नाचली, खाली बसली, लेकीच्या पोटाला अंगारा लावून झाला. मग उठली आणि रस्त्याला लागली. पुढच्या दांड्याखाली सयाजी होता. महिपत बाजूने चालत होता, एक हात दांड्यावर ठेवून, जशी काही पालखी त्याच्याच आधाराने उभी होती.

घर आलं. ढोलवाल्याने एकदा महिपतकडे पाहिलं आणि तसाच वाजवत पुढे गेला. सयाजीने आपल्या दाराकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं नाही. तोंड असं करून चालला होता, की खांद्यावर पालखी नसून कारखान्यातलं पिंप आहे. पालखी दारावरून गेली.

बनुबाई उठल्या. दर्शनाला वाटलं आता त्या आत येतील आणि ताट आपल्या तोंडावर फेकतील. पण त्या ताट घेऊन अंगण उतरल्या, बांध ओलांडला आणि रस्त्यावर आल्या. म्हातारी झपाझप चालत गेली ती पालखीला मागे टाकून थेट तिच्या पुढ्यात उभी राहिली. ढोलवाला थांबला. त्याला थांबावंच लागलं, नाहीतर म्हातारी ढोलावर आली असती.

"काकी, घरी जा," महिपत म्हणाला. "देवाच्या वाटेत तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस. माझ्या दारात यायचं नाय ना? नका येऊ. मी आल्ये. रस्ता तरी तुझ्या मंडळाचा नाय ना?"

"गावानं ठरवलंय, काकी..."

"गावानं दाराचं ठरवलंय. माझ्या पायाचं ठरवलंय का? ही ओटी मी तुला देत नाय रे महिपता, त्याला देत्ये. तो नको म्हणाला तर जात्ये माघारी. विचार त्याला!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. देवाला विचारायची पद्धत होती, पण ते आत्ता, रस्त्यात, म्हातारीच्या समोर विचारायची हिंमत कुणाची नव्हती. बनुबाईंनी ताट उचललं. हात पुरत नव्हता. उभ्या पालखीला त्यांची उंची कमी पडत होती. त्या टाचा उंचावत होत्या आणि ताट कलत होतं.

"कोण खाली घेऊ नका," महिपत म्हणाला.

तेवढ्यात सयाजीने गुडघा वाकवला. पुढचा भोई वाकला की बाकीच्यांना वाकावंच लागतं, नाहीतर पालखी कलंडते. चारी खांदे खाली आले. बनुबाईंनी ओटी घातली, कपाळ दांड्याला टेकवलं आणि लेकाच्या कानाशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आईला रस्त्यावर आणलंस. बापाचा खांदा लावतोस, बापाची ताठ मान नाय लावलीस."

सयाजीने गुडघे सरळ केले. पालखी उठली आणि पुढच्या घराकडे गेली.

बनुबाई परत आल्या. दर्शना दारात आली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती काहीतरी बोलणार एवढ्यात सासूबाईंनी रिकामं ताट तिच्या हातात कोंबलं.

"रडू नकोस. तुझ्यासाठी नाय गेल्ये मी. तुझं बोलणं कुणाला सोसायचं नाय, कटकट म्हणे! दुखणाऱ्या गुडघ्यांना कटकट म्हणतात?"

"चुकलं माझं, आई."

"चुकलंच." त्या खांबाला टेकून बसल्या, दम लागला होता. "आता त्या चौथऱ्यावर तुला बसू द्यायचे नायत. माहीत हाय मला, मी तुझ्या जागी असते तर माझ्या सासूनं पण नसतं बसू दिलं. खाली खोली बघ. पोलादपुरात कुठंपण बघ. पण मी यायची नाय. आन् मी तुला बरी म्हणत्ये असं समजू नकोस."

"नाही समजत."

"बरं."

शिमगा उलगडायच्या आधीच दर्शनाने सामान बांधलं. पोलादपूरच्या स्टँडमागे एक खोली मिळाली, अंधारी पण रेंज भरपूर. वाडीतून निघताना कुणी दारात आलं नाही, पण एकाही घराची खिडकी मिटलेली नव्हती. वळणावर पहिली रेंज लागली तेव्हा फोन खणखणला. वाडीच्या बायकांच्या ग्रुपमधून तिला काढून टाकल्याचं त्यावर दिसत होतं, आणि त्याच्या खाली चांदवडच्या कुणा बाईचा प्रश्न, ताई, हा कुकर घेऊ का.

सयाजी पाळीवर जायच्या आधी टेम्पोतून उरलेलं सामान घेऊन आला. वाडी सोडल्यापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. त्याने मिक्सरांचे खोके आत लावले, गॅसची टाकी बसवली, खाट उचलायला वाकला आणि थांबला.

"खांदा दुखतोय," तो म्हणाला.

"दुखू दे," दर्शना म्हणाली.

त्याने खाट दुसऱ्या खांद्यावर घेतली.